पोटातलं लोणार

पऱ्हाटीला फुलं लागली की एखाद्या सकाळी वावरात जावं आणि न उमललेलं फूल शोधावं. शेजारची फुलं मोकळी झालेली असतात, पण एखाद्याच्या पाकळ्या एकमेकींत पिळलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. कापसाच्या पट्ट्यात तिला डोमकळी म्हणतात. नखानं पाकळ्या सोडवल्या की आतून रेशमाचे बारीक धागे सुटतात आणि खाली पांढुरकी, काळसर डोक्याची अळी दिसते. काही दिवसांनी ती बोंडात शिरेल आणि तिच्या अंगावर गुलाबी पट्टे उमटतील. हीच गुलाबी बोंडअळी. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद या भागांत तिची ओळख करून द्यावी लागत नाही. तिनं केलेलं नुकसान घराघरात ठाऊक आहे.

तिचं आतडं मात्र कुणी पाहिलेलं नसतं. या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करायची आहे.

पतंगांच्या बहुतेक अळ्यांच्या आतड्याचा मधला भाग जहाल अल्कधर्मी असतो. माणसाच्या जठरात आम्ल, अळीच्या पोटात क्षार. माती परीक्षणाच्या अहवालात ज्याला सामू म्हणतात, तो शुद्ध पाण्याचा ७ असतो आणि पुढची प्रत्येक पायरी दहापटीची. अळ्यांच्या आतड्यात तो ९ ते ११ पर्यंत आढळतो, काही जातींत त्याहूनही वर जातो. साबणाच्या पाण्याहून जहाल अशा या नळीत अळी पानं, फुलं, सरकी पचवते. आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी पोटॅशियम आत ढकलत राहतात आणि त्यामुळे सामू चढतो. एवढा खटाटोप कशासाठी? पानांत टॅनिनं असतात. ती प्रथिनांना चिकटून बसतात आणि खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत. जहाल क्षारात हे चिकटणं सैल पडतं. झाडानं स्वतःच्या बचावासाठी घातलेलं कुलूप अळीनं क्षारानं उघडलं, असं म्हणता येईल.

अळीच्या याच सोयीचा फायदा मातीतल्या एका जिवाणूनं घेतला.

१९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता रेशमाच्या अळ्यांच्या एका रोगाचा शोध घेत होते. अळ्या एकाएकी कोसळून मरायच्या. त्यांच्या शरीरात इशिवातांना एक जिवाणू सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत मिळाला. त्या प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपण त्याला बीटी या दोन अक्षरांनी ओळखतो. तो मातीत सर्वत्र असतो. उपासमारीची वेळ आली की तो बीजाणू बनवतो आणि सोबत प्रथिनाचा एक स्फटिक घडवतो. साध्या पाण्यात हा स्फटिक विरघळत नाही. तो विरघळतो अळीच्या आतड्यातल्या जहाल क्षारात. मग अळीचेच पाचक रस त्या प्रथिनाला तासून धार आणतात, ते आतड्याच्या भिंतीवरच्या विशिष्ट रेणूंना जाऊन बसतं आणि भिंतीला भोकं पडतात. अळी खाणं थांबवते आणि काही दिवसांत मरते. आपल्या पोटात ना तो क्षार, ना ते रेणू, त्यामुळे माणसाच्या बाबतीत ही साखळी सुरूच होत नाही.

२००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हापासून ते प्रथिन पऱ्हाटी स्वतःच बनवू लागली. ते स्फटिकात बंद नसल्यामुळे विरघळण्याची पायरी गळली, पण आतड्याच्या भिंतीवर बसायची जागा तीच राहिली. अळीनं बदल केला तो नेमका तिथं. २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीत बीटीच्या पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आल्याचं जाहीर झालं. पुढे दोन प्रथिनांच्या बोलगार्ड-२ लाही ती दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भानं त्याची पुरती किंमत मोजली. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्यावर दिसलं की प्रथिन ज्यावर बसायचं त्या कॅडहेरिन नावाच्या रेणूची घडणच निरनिराळ्या प्रकारे मोडलेली होती. एकाच कुलपाच्या अनेक बिघडलेल्या नकला. बीटीसोबत थोडी साधी कपाशी लावायची शिफारस होती ती एवढ्यासाठीच, की साध्या झाडांवर जगलेले पतंग प्रतिकारवाल्या पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार पातळ व्हावा. ती साधी कपाशी फारच थोड्या वावरांत लागली.

या कथेला आणखी एक पदर आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या निकोल ब्रॉडरिक, जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पंजी पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविकं खाऊ घालून त्यांच्या आतड्यातले जिवाणू नाहीसे केले आणि मग बीटी दिला. अळ्या मरेनात. आतड्यातला एक जिवाणू परत घातला, तर त्या पुन्हा मरू लागल्या. म्हणजे बीटी भिंतीला भोक पाडतो आणि घरातलेच भाडेकरू त्या भोकातून रक्तात उतरून मालकाचा जीव घेतात, असा त्याचा अर्थ होता. नंतर दुसऱ्या जातींच्या अळ्यांवर प्रयोग झाले, तेव्हा काही ठिकाणी आतड्यात जिवाणू नसतानाही बीटीनं काम केलं. एका अळीचा नियम दुसरीला लागू होईलच असं नाही. मला या वादातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ‘अळीचं पोट’ म्हटलं की आपल्यासमोर एक नळी येते, पण ती प्रत्यक्षात एक वस्ती आहे. तिचा सामू, तिची हवा, तिथले रहिवासी सगळं वेगळं, आणि बाहेरच्या वावराशी त्याचा मेळ नाही.

अळीच्या पोटासारखाच सामू उघड्यावर पाहायचा असेल तर बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला दूर जायला नको. जिल्ह्याच्या दक्षिणेला लोणारचं सरोवर आहे.

काठावर धारेचं पाणी अखंड वाहतं. यात्रेकरू त्यात अंघोळ करतात, ते पाणी गोडं आहे. तिथून झाडीतल्या वाटेनं कमळजा देवीच्या देवळाकडे उतरत गेलं की खाली तेच पाणी पोचतं आणि खारं, कडू, बुळबुळीत होतं. बोटं चोळून पाहावीत, साबण लावल्यासारखी घसरतात. सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदलेला आहे, कधी साडेदहापर्यंतही. काठच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येतो. तो वासही सूक्ष्मजीवांचाच. गंधकाची संयुगं वापरून श्वास घेणाऱ्या जिवाणूंनी तो सोडलेला असतो.

उल्केच्या आघातानं काळ्या पाषाणात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण आपल्या लोकांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. लवणासुराची कथा इथलीच. साबण आणि काच बनवायला लागणाऱ्या इथल्या क्षारांचा उल्लेख ‘आइन-ई-अकबरी’त आहे. जुन्या नोंदींत इथल्या क्षारांची डल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं सापडतात. एका पदार्थाला इतकी नावं पडतात तेव्हा तो हातानं निवडणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं होती हे उघड आहे.

पाणी क्षारट का होतं? खड्ड्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं ते आटतं. काळा पाषाण झिजून पाण्यात कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही उतरतात, पण कॅल्शियम कार्बोनेटबरोबर जुळून चुन्याच्या रूपानं खाली बसतं. मागे राहतं सोडियम आणि कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. अळी जे पोटॅशियमनं करते ते लोणार सोडियमनं करतं. एकीला लागतात काही मिनिटं, दुसऱ्याला हजारो वर्षं.

अशा पाण्यात कोण राहणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वस्ती दाट आहे. सरोवराला जो हिरवा रंग दिसतो तो आर्थ्रोस्पायरा या सूक्ष्मजीवाचा. गोळ्यांच्या बाटलीवर ज्याचं नाव स्पायरुलिना असं लिहिलेलं असतं, तोच. इथल्या पाण्या-चिखलातून विज्ञानाला नवे असे जिवाणू मिळाले. त्यांतल्या एकाच्या नावात देश आहे, इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस. दुसऱ्याच्या नावात गाव आहे, सेसेम्बिया लोनारेन्सिस. लोणार हे नाव जगातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सूचीत कायमचं लागलं आहे, ही जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगावी अशी गोष्ट आहे.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, पर्यटक नव्हते, पण छायाचित्रं जगभर गेली. वनविभागानं पाण्याचे नमुने घेतले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासले गेले आणि कारण निघालं हॅलोआर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला की हे मिठात जगणारे जीव माजतात आणि त्यांच्या अंगात गुलाबी-तांबडी रंगद्रव्यं असतात. नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हता, रहिवाशांचा होता. हे जीव जिवाणूही नव्हेत. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवलं की दिसायला जिवाणूंसारखे पण वंशानं सर्वस्वी वेगळे असे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत. त्या वंशाला आर्किया म्हणतात. मिथेन वायू तयार करणारे जीवही याच वंशातले. ते पुढे भेटतील.

पण चिखलातल्या कोट्यवधी जिवांपैकी कोण काय काम करतं, हे शोधायचं कसं? प्रयोगशाळेत खाद्य घातलेल्या काचेच्या थाळीवर नमुना पसरला तर मातीतल्या जिवाणूंपैकी शंभरातला एकही धड वाढत नाही. बाकीच्यांना तिथलं अन्न, तिथली हवा, तिथला एकटेपणा मानवत नाही. लोणारच्या बाबतीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले योगेश शौचे, सी. पॉल अँटनी आणि इंग्लंडचे कॉलिन मरेल यांनी जी युक्ती वापरली ती मला फार आवडते. कार्बनचा एक जरासा जड भाऊ असतो, कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही, फक्त वजनानं जड. अशा जड कार्बनचा मिथेन त्यांनी लोणारच्या चिखलाला खाऊ घातला. ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या अंगात जड कार्बन मुरला, त्यांचा डीएनएसुद्धा जड झाला. मग सगळ्या चिखलाचा डीएनए काढून प्रचंड वेगानं फिरवला, की जड डीएनए हलक्यापासून वेगळा खाली बसतो. तो वाचायचा, म्हणजे जेवलं कोण ते कळतं. पंगतीत कोण बसलं होतं हे कुणाला न विचारता अंगावरच्या वजनावरून ओळखल्यासारखं. मिथेनच्या जोडीला मिथेनॉल आणि मिथिलअमाइनही त्यांनी असंच खाऊ घातलं. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. याच चिखलातल्या एका नव्या जिवाणूचं नाव पुढे मिथायलोफागा लोनारेन्सिस ठेवलं गेलं.

निष्कर्ष असा, की लोणारच्या तळाशी कुणी मिथेन बनवतं आणि कुणी तो बाहेर पडण्याआधी खाऊन टाकतं. बनवणाऱ्यांना प्राणवायू विषासमान, खाणाऱ्यांना तो हवासा. म्हणून एक तळात, दुसरा वरच्या थरात. चिखलाचे काही सेंटिमीटर, पण त्यात मजले आहेत.

हेच मजले आता पुन्हा पोटात पाहू. यावेळी उधईच्या.

उधई, म्हणजे वाळवी, म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि तिला कारण आहे. न कुजलेलं शेणखत वावरात टाकलं, पऱ्हाटीचे खुंट राहिले, की मातीचे बोगदे चढत येतात. नागपंचमीला आपण पूजतो ती वारुळं हिचीच. साप त्यात नंतर राहायला येतो. सातपुड्याच्या पायथ्याला अंबाबरवाकडे किंवा ज्ञानगंगेच्या जंगलात मुरमाड जमिनीवर ती उभी दिसतात. महाराष्ट्रात जी मोठी वारुळं दिसतात ती बहुतेक ओडोन्टोटर्मिस या गटातल्या उधईची. ही उधई शेती करते. आणलेला पालापाचोळा अर्धवट पचवून ती वारुळाच्या आत विष्ठेचा सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखा गड्डा रचते आणि त्यावर एक बुरशी पिकवते. लाकडाचा जो चिवट भाग कोणालाही सहज पचत नाही तो ही बुरशी सोडवते, मग उधई तो गड्डा पुन्हा खाते. आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हे त्याच बुरशीचं फळ. विदर्भात तिला कुठे सात्या म्हणतात, कुठे टेकोडे. बाजारात ती मटणाच्या भावाशी स्पर्धा करते. (वारुळावरची प्रत्येक छत्री खाण्यासारखी नसते. ओळखणाऱ्या माणसाशिवाय तिला हात लावू नये.)

उधईच्या मागच्या आतड्यात जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे सुईच्या टोकावर राहील एवढा ऐवज असतो. अनेक वर्षं त्याला हवाबंद टाकी समजलं जाई. जर्मनीतले आंद्रेआस ब्रुने यांनी १९९० च्या दशकात केसाहून बारीक टोकाच्या विद्युत-सुया या आतड्यात घालून प्राणवायू मोजला. बाहेरच्या दीड-दोनशे मायक्रोमीटरच्या थरात प्राणवायू शिरत होता आणि तिथले जीव तो संपवत होते. मधल्या गाभ्यात तो शून्य. एका उधईच्या पोटात प्राणवायूवाले आणि प्राणवायू न सोसणारे असे दोन्ही शेजार, त्यांच्यात केसभराचं अंतर. आफ्रिकेतल्या माती खाणाऱ्या उधईत त्यांनी सामूही मोजला. आतड्याच्या एका कप्प्यात तो १२ च्या वर निघाला. लोणारहून जहाल. प्राण्यांच्या शरीरात आजवर मोजलेल्या सर्वांत चढ्या सामूंपैकी हा एक. प्रयोगशाळेत मातीतून ह्यूमस काढायचा तर रसायनतज्ज्ञ कॉस्टिक सोडा घालतात, कारण मातीच्या कणांना चिकटलेलं सेंद्रिय द्रव्य जहाल क्षारातच सुटतं. उधई तेच काम पोटात करते.

या गाभ्यात आर्किया मिथेन बनवतात. उधईच्या पोटातून जगातल्या एकूण मिथेनपैकी साधारण एक ते तीन टक्के येतो असं आजचे अंदाज सांगतात. पण लोणारसारखीच इथंही दुसरी बाजू आहे. ऑस्ट्रेलियातल्या वारुळांचं २०१८ मध्ये मोजमाप झालं तेव्हा दिसलं, की आतल्या उधईनं सोडलेला जवळजवळ निम्मा मिथेन वारुळाच्या मातीतले आणि खालच्या जमिनीतले जिवाणू वाटेतच खातात. वारुळाची भिंत नुसती भिंत नाही.

गांडुळाबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात सांगतो. डार्विननं १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी कोलकात्याहून गांडुळांच्या विष्ठेचे नमुने मागवले. पण गांडुळाच्या पोटातल्या वस्तीची कल्पना त्या काळी फारशी कुणाला नव्हती. मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव झोपलेले असतात. अन्न त्यांच्यापासून मिलिमीटरभर लांब असलं तरी चालत जायला पाय नाहीत. गांडूळ ती माती गिळतं, तिच्यात पाणी आणि साखरेसारखा चिकट स्राव मिसळतं, घुसळतं, आणि झोपलेले जागे होतात. फ्रान्सचे पॅट्रिक लावेल यांनी त्याला परीकथेतल्या झोपलेल्या राजकन्येची उपमा दिली. गांडुळाच्या पोटात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथं जागे होणारे काही जिवाणू मातीतल्या नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. म्हणजे सुपीकतेच्या या मित्राच्या खात्यात थोडा हरितगृह वायूही जमा आहे. मैत्री त्यामुळे कमी होत नाही, पण हिशोब पुरा मांडावा. आणखी एक: गांडूळखताच्या वाफ्यात जी तांबडी गांडुळं सोडतात ती शेणाच्या ढिगात राहणारी परदेशी जात. काळ्या रानात ती टिकत नाहीत. वावरातली गांडुळं वेगळी, ती उन्हाळ्यात खोल जाऊन अंगाची गुंडाळी करून पडून राहतात. त्यांना बाहेरून आणायला लागत नाही. पाचट, सावली आणि ओल मिळाली की ती वर येतात.

काळ्या मातीचं मूळ आणि लोणारच्या क्षाराचं मूळ एकच, काळा पाषाण. फरक निचऱ्याचा आहे. पाषाण झिजून झालेली ही चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की भेगेत काठी जावी. वावरात पाण्याला वाट मिळाली तर सोडियम वाहून जातं. वाट नसेल तर ते मातीच्या कणांना जाऊन बसतं, कण सुटे होऊन फुगतात आणि मातीची छिद्रं बुजतात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपला बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा ही त्याचीच कथा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या शेतकऱ्याला विहिरीचं पाणी पिकाला देतानाही विचार करावा लागतो. अशा जमिनीत पाऊस झाला की पाणी दिवसेंदिवस उभं राहतं, खालच्या मातीतला प्राणवायू संपतो आणि नायट्रेटवर श्वास घेणाऱ्यांची पाळी येते. युरियातून नायट्रेट झालेलं नत्र मग पिकाकडे न जाता हवेत जातं. शेतकरी म्हणतो, खत लागलं नाही. ते लागलं होतं, फक्त दुसऱ्यांच्या तोंडी.

आपल्या भागात जीवामृत करणारे पुष्कळ आहेत. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते घरोघर नेलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी, यांच्या जोडीला एक वस्तू अशी आहे जिच्यापाशी मी नेहमी थांबतो: धुऱ्यावरची मूठभर माती. जीवामृतानं रासायनिक खत पूर्णपणे सुटतं असं मी म्हणणार नाही. पिकानं जमिनीतून उचललेलं स्फुरद आणि पालाश कुठून तरी परत द्यावंच लागतं. पण ती मूठ मला बरोबर वाटते. धुऱ्याला नांगर लागत नाही, तिथं मुळं बारा महिने असतात, गांडुळांची आणि उधईची ये-जा असते. सूक्ष्मजीवांच्या वावरात मोडलेल्या खोल्या धुऱ्यावर शाबूत असतात.

आता माती परीक्षणाकडे येऊ. नमुना कसा घ्यावा हे कृषी सहायक नीट सांगतात. नागमोडी चालत वावरातल्या अनेक ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे करायचे, माती एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे टाकायचे, शेवटी अर्धा किलो ठेवायची. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. मग ती सुकवतात, कुटतात, चाळतात, पेल्यात पाणी घालून ढवळतात आणि सामू मोजतात. खताची मात्रा ठरवायला ही पद्धत योग्य आहे आणि प्रत्येकानं ती करून घ्यावी. पण त्या पेल्यातून अहवालावर ८.२ असा एक आकडा येतो तेव्हा गांडुळाचं पोट, उधईचा बोगदा, मुळाभोवतीचा ओलसर थर, ढेकळाचा प्राणवायू नसलेला गाभा, सगळं एकत्र कालवलेलं असतं. ८.२ चा सामू त्यांपैकी कुणाच्याच घरात नसेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी मोजून येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यांत जिवंत असं काहीही मोजलेलं नाही.

एक खोली मात्र कुणालाही कसल्याच यंत्राविना तपासता येते. हरभरा दीड महिन्याचा झाला की एक रोप उपटू नका, खुरप्यानं मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात धरून माती सुटू द्या. मुळांवर गाठी दिसतील. मातीतला ऱ्हायझोबियम मुळात शिरून तिथं राहायला लागला की ही गाठ बनते आणि तो हवेतलं नत्र रोपाला देतो. त्याच्या या कामाला प्राणवायू चालत नाही, म्हणून झाड त्या खोलीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचं एक प्रथिन भरून ठेवतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. हरभऱ्याचा जोडीदार आपल्या मातीत आधीपासून आहे. सोयाबीन बाहेरून आलेलं पीक, त्याचा जोडीदार इथला नाही, म्हणून सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी ऱ्हायझोबियमचं पाकीट चोळायलाच हवं, आणि ते उन्हात ठेवलेलं नसावं.

एक गाठ घ्या आणि नखानं चिरा. आत गुलाबी दिसली तर खोली चालू आहे. हिरवट किंवा करडी दिसली तर ती बंद पडलेली आहे.